हात गुडघ्यावर नव्हता

मंगळवार, २३ जुलै. संध्याकाळ.

पालथी पडून लिहून राहिली, कारण कंबर सरळ होत नाही. पण हात अजून शिवशिवतो. पुन्हा मारावंसं वाटतं.

रोवण्याचा आज आठवा दिवस. आम्ही बाया चिखलात वाकून, मागं मागं सरकत धान रोवत होतो. मुकादम रोपांच्या जुड्या टाकायला शेताच्या बांधीत उतरला. चार दिवस त्याचा हात मला चुकून लागत होता म्हणे. आज त्यानं मागून सरळ चिमटा घेतला.

सासू रोज सांगते, उठताना आधी हात गुडघ्यावर ठेव, मग हळूच कंबर उचल. आज हात गुडघ्यावर नव्हता. वाकल्या वाकल्या गर्रकन वळली आणि कोपर त्याच्या तोंडावर हाणलं. कट्कन आवाज आला. त्याच्या दाताचा, की माझ्या कमरेचा? तो रक्त थुंकत पालथा पडला. मी पाठीवर गुडघा दाबून त्याचं तोंड चिखलात खुपसलं. बायांनी ओढलं नसतं तर सोडलं असतं का मी? खरं लिहिते, नसतं.

आता सासू तेल चोळत विचारते, "हात गुडघ्यावर काऊन नाही ठेवला वं?"

"हात कामात होता."

वाटलं, रोजी बुडाली म्हणून बोलेल. तिनं दुखऱ्या जागी अंगठा रुतवला.

"नुसत्या कमरेनं मारलं का आपलीच कंबर जाते. आधी पाय फिरवावा, मग मारावं. त्या मुकादमाच्या बापाले मी तसंच मारलं होतं."