बिनपत्त्याच्यांना दार बंद

१३ ऑक्टोबर

आज पुन्हा ढीगभर! पाठवणाऱ्याच्या जागी कोरं. नाव नाही, पत्ता नाही — आणि आत काय, तर माझं पार्सल सीमेवर अडकलंय, मला कुणाचा तरी वारसा मिळालाय, माझ्या गुडघ्यांना जादूचा पट्टा हवाय. गुडघ्यांचं यांना कुणी सांगितलं? एकानं तर लिहिलंय, "तुझ्या कॅमेऱ्यातून मी तुला रोज बघतो." बघ बाबा! विटक्या झग्यात नाचाच्या जाकिटांना जरीची किनार लावत बसलेली बाई बघायची हौस असेल तर खुशाल बघ. आणि बघतोसच, तर माझी मोठी कात्री कुठे पडलीय तेवढं सांग.

गंमत नाही पण. या कचऱ्यात नोवी सादच्या नृत्यमंडळाची मेल दबून गेली होती. विल्माबाईंची, मुलींच्या एप्रनांची ऑर्डर. आज नजरेस पडली म्हणून, नाहीतर पोटावर पाय आला असता.

१५ ऑक्टोबर

एकेकाला अडवायला बसले, तर अडवू कुणाला? पत्ताच नाही! दुपार फुकट गेली.

ल्युबिंका काकू कॉफीला आली होती. जिना उतरून यायचं म्हणून तिला रोज काहीतरी निमित्त लागतं. म्हणाली, "जो दाराबाहेरून आपलं नाव सांगत नाही, त्याला मी दार उघडत नाही. तू कशाला उघडतेस गं, झागा?"

काकू ऐंशीची आहे, कॉम्प्युटरला ती अजून टीव्हीच म्हणते. पण बोलली ते खरं. ती गेल्यावर सगळ्या खटपटी करून नियम लावला — पाठवणाऱ्याचा पत्ता दिसत नसेल तर मेल आत घ्यायचीच नाही. परस्पर अडगळीच्या पेटीत. माझ्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

१६ ऑक्टोबर

एकही नाही! काय ती शांतता. मी म्हणजे मीच.

१८ ऑक्टोबर

ओब्रादला मेल लिहिली. लिहिली एकदाची.

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला थडग्यापाशीच त्याला बोलले होते — "माती द्यायला येतोस, पाणी पाजायला आला नाहीस." सगळ्यांसमोर. पाठचा भाऊ माझा! त्यानं टोपी घातली आणि तसाच ऑस्ट्रियात, लिंत्सला परत गेला. घरी आल्यावर रागाच्या भरात मी त्याचा नंबरही फोनमधून पुसला. आता काकूकडे मागायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाल्येवो गावाला बातमी.

मित्रोवदान आठ नोव्हेंबरला. आमच्या घराच्या संताचा दिवस, आमचा स्लावा. आई गेल्यानंतरचा पहिला. स्लावाला बोलावणं नसतं, ज्याला यायचं तो येतो. पण मी बोलावलं! लिहिलं, की माझं चुकलं. ये. घरधनी तू आहेस, पाद्रीबाबांबरोबर सणाचा पाव तूच फिरव, तूच मोड. आजवर आमच्या घराण्यात कुणी स्लावाचं आमंत्रण धाडलं नसेल. मी धाडलं.

२१ ऑक्टोबर

उत्तर नाही. कामात असेल. दुसरी पाठवली, दोनच ओळी. "पहिली मिळाली का? खोली झाडून ठेवलीय."

दिवसभर सुई हातात धरवेना. दर टाक्यागणिक उठून कॉम्प्युटरपाशी.

२६ ऑक्टोबर

तिसरी मेल. यात सगळं लिहिलं. आई शेवटी मला ओळखत नव्हती, पण त्याचं नाव घेत होती, हेसुद्धा. हे मी त्याला कधीच सांगणार नव्हते. मत्सर वाटायचा मला — उशाशी मी आणि ओठांवर तो!

पाठवल्यावर रडले. मग बटाटे सोलले.

२९ ऑक्टोबर

नाही.

आज विल्माबाईंना एप्रनांची मापं विचारली मेलवर. त्यांचंही उत्तर नाही. जगानं माझ्याशी अबोला धरलाय की काय!

३१ ऑक्टोबर

काकू म्हणाली, "तोंड का उतरलंय? ओब्रादनं लिहिलं का?" हिला कसं कळलं? मी म्हटलं, मी कशाला त्याला लिहीन! ती नुसती हसली. "तुम्ही दोघं अगदी तुमच्या बापासारखे. कुणी आधी दार ठोठावायचं यावरून घर जळू द्याल."

मी ठोठावलंय, काकू. तीनदा. हात दुखेपर्यंत. तो आतून ऐकत बसलाय.

२ नोव्हेंबर

चौथी पाठवली.

"तुझी खुर्ची मांडणार नाही. येऊ नकोस. आईबरोबर भाऊही पुरला असं मी समजते."

वाचून न पाहता पाठवली. बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं.

३ नोव्हेंबर

बरंबिरं काही वाटत नाही. स्लावाला बोलावणं नसतं तसं "येऊ नकोस"ही नसतं. वैरी जरी दारात आला तरी त्याला आत घेतात, उकडलेल्या गोड गव्हाची वाटी पुढे करतात, ग्लास भरतात. आजोबांनी तर त्यांच्यावर खोटी साक्ष देणाऱ्यालाही बसवला होता पंगतीत. आणि मी सख्ख्या भावाला...

सुटलेला शब्द धरून आणता येत नाही. कशातच जीव लागत नाही. एप्रनावर गुलाब उलटा भरला, सगळा उसवला.

५ नोव्हेंबर

अक्रोड फोडले. मेणबत्ती आणली. पाद्रीबाबा विचारत होते, "पाव कोण फिरवणार?" मी म्हटलं, बघू.

६ नोव्हेंबर

देवा! देवा!

विल्माबाईंचा फोन. आधी माझ्यावरच डाफरल्या — "मापं नकोत का तुम्हाला?" मी म्हटलं, मी केव्हाच मेलवर विचारलीत! तर म्हणतात, "माझी पेटी भरली होती हो. मग तुमची मेल परत आली असेल की. न पोचलेल्या मेलची चिठ्ठी येते ना आपोआप."

मी म्हटलं, मला काही आलं नाही.

"येतेच. ती माणूस थोडाच पाठवतो! तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो."

फोन हातातच राहिला. अडगळीची पेटी उघडली. गुडघ्याचे पट्टे, वारसे, तो कॅमेरावाला — आणि त्यांच्यात विल्माबाईंच्या मेलची चिठ्ठी. आणि ओब्रादची! आणखी ओब्रादची! "ज्यांना पाठवली त्यांची पेटी भरलेली आहे. मेल पोचवता आली नाही." पोचलीच नाही! त्यानं काही वाचलंच नाही! तो रुसलेला नाही, तो गप्प नव्हता, मीच माझ्या हातानं दाराला कडी घालून आत बोंबलत बसले होते!

आणि ती मेली चौथी मेलसुद्धा त्यानं वाचली नाही. मढं माझ्या रागाचं! हसले, रडले, धावत जिना चढून काकूचा मुका घेतला. म्हणते कशी, "लॉटरी लागली की प्यायलीस?"

त्याला कुणी बोलावलेलं नाही, म्हणजे सगळं रीतीनुसारच झालं. स्लावाला येतात तसा तो येईल. नाही येणार असं कसं होईल! आजच पीठ मळायला घेतलं. पावावर द्राक्षाचा वेल काढणार आहे, आई काढायची तसा.

७ नोव्हेंबर

पाव भट्टीत ठेवला आणि पुन्हा ती पेटी उघडली. त्या चिठ्ठ्या जरा नीट, सावकाश बघाव्यात म्हणून.

तीनच आहेत. अठरा तारखेची, एकवीसची, सव्वीसची. दोन तारखेची, ती "येऊ नकोस"वाली, परत आलेली नाही.

काकूकडे जाऊन नंबर मागितला. रिंग जाते. उचलत नाही.

सणाच्या आधी त्यानं पेटी रिकामी केली. माझं काही येईल म्हणूनच केली असणार.