निंबाखालचा पाइप

१९ मे, सोम.
ऊन नुसतं भाजतंय. शेजारी रेल्वेतले रिटायर साहेब (सा.) राहायला आले तेव्हापासून आमच्या निंबाखाली माझी खाट कमी, त्यांची खुर्ची जास्त. अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडात लाकडी पाइप. आमची नि. त्यांना चहा देऊन आली आणि मलाच सांगते, "साहेबाच्या धुराले वास कसा गोड येते!" माझी बिडी याच बायकोने पोरीच्या लग्नाआधी शपथ घालून सोडवली. तेव्हा घरभर घाण वास म्हणे. लाकडातून आला की गोड होतो काय?

२१ मे, बुध.
दिवसभर लू, गरम वारा नुसता. संध्याकाळी सा.चं व्याख्यान. तंबाखू सैल भरायची, काडी गोल फिरवायची, हळू ओढायचं, उन्हाळ्यात तर आणखी हळू, नाहीतर जीभ भाजते. नि. हनुवटीला हात लावून ऐकत होती. माझं बोलणं दोन मिनिटं कधी ऐकलं नाही या बाईने. जळफळाट झाला. कबूल.

२४ मे, शनि.
डोळे तपासतो सांगून गोंदियाला. पाइप मिळाला. त्याची तंबाखू नाही. दुकानदार हसला, "काका, इधर कौन पीता है ये?" अडतंय कुठं? बिडीच्या मुलखात तंबाखूला तोटा! पाइप तांदळाच्या कोठीमागे लपवला.

२६ मे, सोम.
नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. भर दुपारी तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली. चिटपाखरू नाही. बिड्या उकलून सगळा जर्दा पाइपात ठासला. पेटेचना. पेटला तो भडकलाच. जोरात ओढला आणि जीभ, टाळू... आई गं. उलटी झाली. दुपट्टा डोक्याला गुंडाळून कसाबसा घरी.

२७ मे, मंगळ.
जिभेला फोड. ताकभात. नि. म्हणे, "भर उन्हात कायले गेलते?" जवळ येऊन वास घेतला. "बिडी ओढली?" मी मान हलवली, नाही. खोटं कुठं आहे?

२९ मे, गुरु.
झोपेतून उठून खिडकीशी गेलो. निंबाखाली सा. पाइप पुढे करून म्हणतायत, "लेके देखो, भाभी." आणि हिने घेतला! दोन झुरके, सावकाश, डोळे मिटून. धूर नाकातून सोडला. ठसका नाही. हात सवयीचा. मग परत दिला. तोच पाइप, तीच दांडी! माझा उष्टा पेला विसळल्याशिवाय तोंडाला न लावणारी बाई!
बाहेर गेलो. "हे काय चाललंय?"
"काय का? सालेकश्याच्या जंगलात मामीसंग तेंदूपानं तोडाले जात होतो, तवा पानात तंबाखू भरून चोंगी करून ओढतच होतो आमी बाया. हातोहात फिरे."
"मले कधी सांगितलं नाही."
"तुमी ईचारलं काय कधी? साहेबानं ईचारलं."
"अन् माही बिडी सोडवली ते?"
"एकटेच ओढत होते ना तुमी."
सा. खुर्ची उचलून गेले. घरच्या बाईला असं विचारतात होय कोणी? मी काऊन विचारू?

३१ मे, शनि.
सा. इकडे फिरकले नाहीत. आनंद व्हायला हवा. होत नाही. डोळ्यांपुढे तो धूरच.
सकाळी माझा पाइप काढून तिच्यापुढे ठेवला. "घे." तिने उलटासुलटा केला, हुंगला. "यात बिडी भरली होती तुमी?" आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मलाही हसू आलं. फोड दुखला. म्हणाली, "जीभ बरी होऊ द्या. मंग पाहू."
तिथंच थांबायला हवं होतं. पण पोटात राहीना. विचारलं, "त्याच्याजवळून घेतला तवा दांडी पुसली होती काय?"
हसायची थांबली.
"चला, भात थंडा होऊन राहिला."
जेवलो. ती वाढत होती. पुसली होती की नाही, मला अजून ठाऊक नाही.