चौकातली गोपनीयता

३ मे, रविवार
कुपवाडच्या जैन बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, मुलांच्या सुट्टीच्या शिबिरात आजपासून पालकांचं प्रबोधन. विषय: मुलांची ऑनलाइन प्रायव्हसी. तीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला, माझ्याशिवाय शिकवणार कोण? आले सात. त्यातले चार शिऱ्यासाठी. एक म्हणे, पोराचं बारसंच फेसबुकवर लाइव्ह केलंय, आता लपवायचं काय? दगड. शेजारच्या चंपाबाई, चौथी नापास, पहिल्या रांगेत. विचारतात, "आवं सर, फोटू टाकायच्या आधी पोरास्नी इचारायचं का?" म्हटलं, मुलांना काय कळतं.

५ मे
गर्दी हवी तर फ्लेक्स हवा. इथे कुत्र्याच्या वाढदिवसालाही लागतो. नात ब्राह्मी लोणंदहून सुट्टीला आली आहे. तिचा दोन वेण्यांचा फोटो दिला. मथळा: 'मुलांचे फोटो जपा'. खाली तिचं नाव, इयत्ता, शाळा. लोकांचा विश्वास बसतो.

७ मे
फ्लेक्स चौकात लागला. एमआयडीसीचे दुचाकीवाले मान वळवून बघतात. ब्राह्मी म्हणाली, काढा. म्हटलं, मोठ्या कार्याला थोडा त्याग लागतो. जेवली नाही. या पिढीला समाजकार्याचं वावडं.

८ मे
ब्राह्मी दूध आणायला गेली तर कोणी अनोळखी माणूस तिला नावाने हाक मारून म्हणाला, सातवीत ना गं तू? रडत आली. म्हणजे लोक वाचतात तर! सोमवारी फ्लेक्स नक्की काढायचा. आत्ता काढला तर रविवारची गर्दी जाईल.

९ मे, सकाळी ७
फ्लेक्सला भगदाड. ब्राह्मीचा चेहरा, नाव, शाळा, सगळं कापून नेलेलं. चंपाबाई कात्री घेऊनच दारात. गुंडाळी ब्राह्मीच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "पोरीला इचारलं न्हवतं न्हवं, सर?" अडाणी बाई. तक्रार करणार होतो, पण फ्लेक्सची परवानगी मीही काढली नव्हती. ब्राह्मी दिवसभर त्यांच्याकडेच बसली.

१० मे, रविवार
समारोप. पालक पाच. मुलांची लेखी चाचणी घेतली. पेपरवर नाव नाही, प्रायव्हसी म्हणजे प्रायव्हसी. एकच प्रश्न: आपला फोटो कोणाला देऊ नये? अकरा पेपर. दहांत 'अनोळखी माणसाला'. पोपटपंची, पण बरोबर. अकरावा ओळखीच्या अक्षरात: 'आजोबांना'.
फुली मारायला लाल पेन उघडलं. उत्तर पुन्हा वाचलं. मग पूर्ण मार्क दिले.
पेपर तिला दाखवायला घरी आलो. ब्राह्मी दुपारच्या एसटीने लोणंदला गेली होती. स्टँडवर सोडायला चंपाबाई गेल्या होत्या.