धोंडोपंतांच्या हयातीपुरतं छत

मी, शरदिनी देवव्रत टोकेकर, वय शहात्तर, पूर्वी शाळेत शिक्षिका, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला त्याची गरज वाटत नव्हती, पण माझा पुतण्या चि. यज्ञेश्वर याचा हल्ली शिक्का मारल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आता करायची वेळ समितीने आणली. ते पुढे येईलच.

माझे पती वारले. आम्हाला मूल झालं नाही. धाकट्या जाऊबाई बाळंतपणात गेल्या तेव्हा यज्ञेश्वर माझ्या मांडीवर आला आणि मिसरूड फुटेपर्यंत खाली उतरला नाही. त्याचं दुखलंखुपलं, शाळा, मुंज, लग्न सगळं मी केलं. तेव्हा माझ्यामागे माझ्या चीजवस्तूवर कोण हक्क सांगणार, हे कळायला वकिलाकडे जायला नको.

१. पोस्टात आणि बँकेत जी शिल्लक असेल तिच्यातून माझं क्रियाकर्म करावं. साधं करावं. तेराव्याला नगर पर्यावरण समितीच्या एकाही सभासदाला पानावर बसवू नये. दारात आलेच तर उभ्याउभ्या पाणी द्यावं, चहा नको. उरलेली रक्कम यज्ञेश्वरची पत्नी सौ. मृणालिनी हिला द्यावी, तिच्या हातात, तिच्या नवऱ्याच्या नव्हे.

२. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ मृणालिनीलाच. ती मला आई म्हणत नाही, पण माझे पाय दुखतात हे या घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

३. माझ्या यजमानांची सूर्यचूल, म्हणजे काळ्या रंगाची आरशाच्या झाकणाची पेटी, हीसुद्धा मृणालिनीला. हिचा इतिहास लिहून ठेवते, कारण यज्ञेश्वर तो सोयीस्कर विसरला आहे. यजमानांनी ती हौसेने आणली आणि छतावर वरणभात शिजवला. नैवेद्य दाखवायला निघाले तर दिरांनी, म्हणजे यज्ञेश्वरच्या वडिलांनी, वाट अडवली. “याला अग्नीचा स्पर्श नाही. हे अन्न शिजलेलंच नाही. उन्हात वाळवलेले पापड आणि हे सारखंच.” यजमान म्हणाले, “अरे, रोज सकाळी घाटावर उभा राहून अर्घ्य कुणाला देतोस?” झालं, त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. यजमानांच्या मयताला दीर आले, खांदा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी कधी माफ केलं नाही आणि आता करणारही नाही. ज्या घराला सूर्याचा भात बाटलेला वाटत होता, त्याच घराला आता सूर्याच्या पाण्याने लॉजमधल्या परदेशी पाहुण्यांना अंघोळी घालायच्या आहेत. मृणालिनी मात्र नवी नवरी असताना चोरून वर यायची आणि त्या पेटीतला भात खाऊन जायची. तिला चव कळली होती.

४. वाटणीपत्राप्रमाणे माझ्या नावावर असलेल्या वरच्या मजल्याच्या दोन खोल्या यज्ञेश्वरला. विनाअट. त्याच्या लॉजमध्ये भर पडेल. भिंतीला ओल आहे, ती आधी बघ म्हणावं.

५. आता छत. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

छताचा पूर्वेकडचा अर्धा भाग माझा आहे. पश्चिमेकडच्या अर्ध्यावर शेजाऱ्यांच्या नव्या मजल्यांची सावली पडते, तो भाग यज्ञेश्वरचा. ऊन माझ्याकडे. म्हणूनच यज्ञेश्वरला पाणी तापवायच्या सौर टाक्या माझ्या भागात बसवायच्या आहेत. मी नाही म्हणत आले, आणि का म्हणत आले ते त्याला चांगलं माहीत आहे. माझ्या भागात धोंडोपंत राहतात.

वाचणाऱ्या परक्या माणसासाठी सांगते. धोंडोपंत हे जमिनीवरचं कासव आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या, पाय हत्तीसारखे. माझ्या आजेसासऱ्यांनी देशावरून येताना आणलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडल्यावर पहिलं कोण आडवं आलं असेल तर ते. सासूबाई म्हणाल्या, “वाकून नमस्कार कर, घरातले वडीलधारे आहेत.” मी केला. सगळे हसले, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. देवावरची शिळी झेंडूची फुलं, पालक, बेलफळाचा गर, एवढंच ते खातात. सकाळी उन्हात बसतात, थंडीत माझ्या खोलीत पोत्याखाली. यज्ञेश्वर रांगायला त्यांच्या मागूनच शिकला. यजमान गेल्यावर दिवसभरात मी ज्यांच्याशी मोठ्याने बोलते ते हे एकटेच. कुणाला वेड वाटलं तर वाटो. दाखला जोडला आहे.

दोन वर्षांपूर्वी शहराचं पर्यावरण सुधारण्यासाठी ही समिती निघाली आणि यज्ञेश्वर तिचा सचिव झाला. मला अभिमान वाटला, पेढे वाटले मी. त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो घरात पाळलेल्या नेहमीपेक्षा वेगळ्या प्राण्यांना. कुणाचं मुंगूस, कुणाचं माकड, आणि भोसले घाटाजवळच्या माझ्या मैत्रिणीचं, लीलाताईंचं कासव. तेही जमिनीवरचंच. समितीने काय करावं? बालाजी घाटावर बँड लावला, कासवाला झेंडूचा हार घातला, मंत्र म्हटले, फोटो काढले आणि गंगेत सोडलं. टोपली धरायला यज्ञेश्वर होता. लीलाताई ओरडत होत्या, “अहो, त्याला पोहता येत नाही!” बँडमध्ये कोण ऐकतो? कासव दगडासारखं खाली गेलं. हार वर तरंगत राहिला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, कासवाचं पुनर्वसन झालं म्हणून. लीलाताईंनी त्यानंतर अंथरूण धरलं ते सोडलं नाही.

मग आमची पाळी. समितीच्या बैठकीत घरांच्या छतावरच्या सौर उपकरणांचे नियम आणि वेगळ्या प्राण्यांचे नियम असे दोन विषय होते. अध्यक्षांना कुठल्याशा उद्घाटनाला जायचं होतं म्हणून दोन्ही एकत्र घेतले. ठरलं ते असं: सौर टाक्यांना परवानगी मिळेल, पण छताच्या सर्व मालकांची संमती हवी आणि छतावर कोणताही प्राणी नसावा. जलचर असतील ते गंगेत सोडावेत. मला बोलावलं होतं. मी धोंडोपंतांना पिशवीत घालून रिक्षाने घेऊन गेले आणि त्यांच्या हिरव्या टेबलावर ठेवलं.

अध्यक्ष म्हणाले, “माताजी, कछुआ तो पानी का जीव है. गंगा में रहेगा, आपको भी पुण्य मिलेगा.”

मी म्हटलं, “पैर देखिए इसके. यह चलता है, तैरता नहीं. डूब जाएगा.”

“गंगा मैया सिखा देंगी.”

सगळे हसले. मी यज्ञेश्वरकडे बघितलं. म्हटलं, तू सांग, तू तरी सांग, लीलाताईंचं काय झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तो लिहीत होता. मान वर न करता मराठीत म्हणाला, “काकू, इथे तमाशा नको ना.”

तमाशा! ज्याची दुपटी मी धुतली त्याने मला चार परक्या माणसांसमोर हे म्हणावं. त्या क्षणी माझ्या मनातून तो उतरला. मी रडले नाही. रडायचं होतं, पण धोंडोपंत टेबलाच्या कडेला पोचले होते, त्यांना धरायला हवं होतं.

शेवटी त्यांनी मोठेपणाने सवलत दिली. ‘माताजींच्या हयातीपर्यंत’ प्राणी घरात ठेवावा, पश्चात गंगेत सोडावा. म्हणजे माझा मरणाचा दिवस तोच धोंडोपंतांचा. आणि त्याच दिवशी छतही मोकळं, संमती द्यायला म्हातारीही नाही, टाक्या चढवायला रान मोकळं. हा ठराव यज्ञेश्वरच्या हस्ताक्षरात आहे. घरी येऊन मला म्हणाला, “बघ काकू, तुझ्यासाठी करून घेतलं.” हल्ली तो माझ्या तब्येतीची रोज चौकशी करतो. मला त्याचा अर्थ कळतो.

तर आता नीट वाच, यज्ञेश्वर.

छताचा माझा पूर्वेकडचा भाग मी तुलाच देते. टाक्या बसव, खुशाल बसव, माझी संमती इथे लिहून देते. पण हा हक्क धोंडोपंतांच्या हयातीपुरता आहे. ते त्याच छतावर, उन्हाची जागा राखून, जिवंत असेपर्यंत छत तुझं. ते गंगेत गेले, हरवले, चोरीला गेले, समितीने नेले, किंवा म्हातारपणाने मेले, तरी त्याच दिवशी माझा भाग गल्लीतल्या आपल्या गणेशोत्सव मंडळाकडे जाईल. मंडळाने टाक्या उतरवाव्यात आणि तिथे सतरंज्या वाळवाव्यात. मंडळाच्या कार्यवाहांना मी हे सांगितलं आहे आणि त्यांना सतरंज्यांसाठी जागा हवीच आहे.

छतावर प्राणी असेल तर टाक्या चालत नाहीत हा नियम तुझ्या समितीचा. तो कसा बदलायचा ते तू बघ. सचिव तू आहेस. अध्यक्षांना समजावून सांग, की सर्व कासवं पोहत नाहीत. माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, तुझ्या तोंडून ऐकतील.

लीलाताईंची मुलगी ऋता ही या कलमाची व्यवस्थापक राहील. तिने वाटेल तेव्हा, न कळवता, वर जाऊन धोंडोपंतांना बघावं. डाव्या बाजूला कवचाची कड तुटलेली आहे, माकडाने ढकलल्याची खूण. ती ऋताला मी दाखवून ठेवली आहे. तेव्हा त्यांच्या जागी दुसरं कासव आणून ठेवायचा विचार मनात आलाच असेल तर तो काढून टाक. मी तुला ओळखते.

कासवं खूप जगतात. नीट ठेवलंस तर ते तुझ्याहूनही जास्त जगतील. थंडीत पोतं घाल. पालक धुवून दे. पाऊस पडला की आत घे, साचलेल्या पाण्यात राहू देऊ नको, त्यांना पोहता येत नाही. कधी जेवले नाहीत तर मृणालिनीला हाक मार, तिच्या हातचं खातात. तुला टाक्यांतलं गरम पाणी हवं असेल तोवर रोज सकाळी उठून आधी त्यांना बघावं लागेल, श्वास चालू आहे ना, डोळे उघडले ना. माझ्याकडे कधी असं बघायला आला नाहीस.

कुणाला तरी गंगेत सोडायची समितीला फारच घाई असेल तर माझ्या अस्थी आहेत. त्या खुशाल सोडाव्यात, बँड लावला तरी चालेल.

लोक म्हणतील, म्हातारीने सूड उगवला. हो, उगवला. यज्ञेश्वर, तुला लहानाचा मोठा करताना मी तुला कसलीच अट घातली नव्हती. ही पहिली आहे, आणि ती पाळताना तुला माझी आठवण येणार नाही असं तू कितीही ठरवलंस तरी येईल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि खोडाखोड कुठेही नाही.

शरदिनी देवव्रत टोकेकर
(सही)

आम्ही दोघांनी शरदिनीबाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिलं. मग त्यांच्यासमोर आम्हीही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. शिवराम विनायक भागवत, निवृत्त रेल्वे कर्मचारी, दूधविनायक
२. शरद गोविंद आगाशे, बँकेत नोकरी, बालाजी घाट

स्थळ: वाराणसी
दिनांक: ११ नोव्हेंबर १९९७