खेळातल्या गावची वाट मोकळी करून मिळणेबाबत व जुळ्या कंदिलाबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, तुमसर,
जि. भंडारा

अर्जदार : धुरपताबाई तेजराम गजभिये, मु. पो. सिहोरा, ता. तुमसर. शिक्षण चौथी.

विषय : मोबाईलच्या खेळातील गावात जाण्याची माझी वाट अडवली, ती मोकळी करून मिळणेबाबत.

संदर्भ : आमच्या धानाच्या बांधीकडे जाणारी पांदण-वाट अडवली होती तेव्हा आपल्याच कार्यालयाने दिलेला आदेश.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, वाट अडवली तर तहसीलदाराकडे जावं लागते हे मले पांदणीच्या केसपासून पाठ आहे. आता ही वाट मोबाईलमधली आहे, म्हणून आवक टेबलावर कोणी हसू नये. हसायचं असल्यास अर्ज पूर्ण वाचून हसावं.

१. खेळाचं नाव 'रानवस्ती'. माझी मुलगी मनाली चाकणला दिली आहे. फोन लावला की तिची सासू बाजूले येऊन बसते, आणि मनाली "हो आई, बरी आहे आई, जेवली आई" याच्यापुढे सरकत नाही. व्हॉट्सॲप सासू वाचते. तिले वाचता येते हाच सगळा घोळ आहे. म्हणून मनालीने मले खेळात बोलावलं. तिथं आमची घरं आजूबाजूले आहेत. संध्याकाळी दोघी रानात लाकडं तोडतो आणि लिहून लिहून बोलतो. सासूले वाटते, सून गेम खेळून राहिली. मनालीले दिवस गेले हेही मले त्याच रानात समजलं, कुऱ्हाड हातात असताना.

२. हे गाव 'झाडीचे वाघ' नावाच्या टोळीचं आहे. टोळीचा प्रमुख प्रविण, राहणार वरठी, कारखान्यात कामाले आहे. खेळात त्याच्यासारखा कारागीर नाही, हे मी त्याच्याशी भांडण असूनही लिहून देते. मनालीच्या अन् माझ्या घराच्या मधात अंधार फार. म्हणून मी कंदील बनवून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी काळं लोखंड, काजवे आणि डिंक लागतो. डिंकापायी अस्वलाने मले इतक्या वेळा मारलं की शेवटी ते मले पाहून उठतही नव्हतं. सगळं सामान जमवून प्रविणच्या हवाली केलं. सामान माझं, हात त्याचे.

३. आता साहेबांनी इथं लक्ष द्यावं. या खेळात कारागीर पक्का असला तर कधी कधी एकाच सामानात दोन वस्तू उतरतात. त्याले जुळं म्हणतात. माझ्या सामानात जुळे कंदील उतरले. त्याने एक माझ्या हातात ठेवला आणि दुसरा मुकाट्याने स्वतःच्या दारावर टांगला. मी पाणी भराले निघाली तर माझाच कंदील त्याच्या दारावर मले पाहून लुकलुक करते.

४. आमच्या घरचं सागाचं दार परसराम वाढईने आमच्याच अंगणात बसून बनवलं. लाकूड आमचं, म्हणून ढलप्या आमच्या चुलीत गेल्या. परसरामने एक ढलपी खिशात घातली नाही. आणि मजुरीचं म्हणाल तर दारात बसलेल्या माणसाले आधी भाव विचारणं आमच्यात हलकट समजतात. काम झाल्यावर त्याले पोटभर जेवू घालावं अन् त्याची पिशवी आपल्या इभ्रतीप्रमाणे भरावी. प्रविणसाठीही मी खेळातली दुभती शेळी बाजूले बांधून ठेवली होती. चांगली पांढरी. द्यायला घेऊन गेली, तर समोर कंदील. शेळी घेऊन परत आली.

५. त्यानंतर टोळीच्या भर चावडीत, म्हणजे जिथं सगळ्यांचं लिहिलेलं सगळ्यांले दिसते तिथं, मी त्याले कंदीलचोट्टा म्हटलं. आणखीही म्हटलं, ते सोबत जोडलं आहे. त्याने उत्तर दिलं, "मावशी, जुळं उतरलं तर कारागिराचं, ही खेळातली रीत आहे. तुम्ही मजुरीचं काही बोलल्या नाही, म्हणून मी तेच मजुरी समजलो. रीत माहीत नसेल तर खेळू नका, भजन करा." साहेब, पहिली गोष्ट, मी भजन करत नाही, विहारात जाऊन वंदना घेते. दुसरी गोष्ट, मावशी म्हणून कंदील ठेवून घेणारा भाचा मी आजवर पाहिला नव्हता. हेही मी तिथंच लिहिलं. त्याच्या आईबद्दलही एक ओळ लिहिली.

६. त्याच वेळी मनाली मले बाजूले, फक्त मलेच दिसेल असं, लिहून राहिली होती, "आई, थांब ना. एक सांगाचं होतं." मी म्हटलं, आधी याले पाहून घेऊ दे. तेवढ्यात प्रविणने मले टोळीबाहेर काढलं. गावचं फाटक बंद, अन् आमचं रान, आमचं लिहिणं सगळं फाटकाच्या आत. दुसऱ्या नावाने गेली तरी उघडत नाही, ते प्रमुखच उघडते. मी लगेच फोन लावला, काय सांगाचं होतं बाई? तर, "काही नाही आई. बरी आहे आई. जेवली आई." तिले सातवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी खोली सारवून ठेवली, अन् येणार की नाही हे कोणी बोलत नाही. तिचं ते एक सांगाचं फाटकाच्या आत राहिलं आहे.

७. माझी सून रत्नमाला हिने जेवताना म्हटलं, "आई, राइस मिलमध्ये धान आपलं राहते, पण कोंडा मिलवाला ठेवते. त्याले तुम्ही कधी चोट्टा म्हटलं काय?" त्यावर मी तिले भांडे घासाले पाठवलं. पण खोटं कायले लिहू, रात्रभर तो कोंडा डोक्यात फिरला. मिलवाला आधी सांगते, कोंडा माझा. वाढई अन् घरधनी दोघंही न बोलता जाणतात, ढलप्या घरच्या. प्रविण वरठीचा, मी सिहोऱ्याची, खेळ कुठचा कोण जाणे. त्याच्या मनात मिल होती, माझ्या मनात वाढई. दोघांनीही सामान देता-घेता तोंड उघडलं नाही. एरवी माझं तोंड बंद नसते, आणि नेमकं तिथंच बंद राहिलं.

तरी साहेबांना विनंती की,

(अ) यापुढे खेळात कोणी सामान दिल्यास जुळं कोणाचं अन् मजुरी काय, हे हात लावण्याआधी बोलून घ्यावं, अशी प्रविणले समज द्यावी.

(ब) कंदील त्याच्या दारावर राहू द्यावा. फाटक उघडलं की शेळीही पाठवते. द्यायले म्हणून बाजूले काढलेली वस्तू मी परत वापरत नाही.

(क) प्रविणचा निरोप आला आहे की, मावशीने चावडीत माफी मागितली तर फाटक उघडतो. मी आजपर्यंत कोणाची माफी मागितलेली नाही, नवऱ्याचीही नाही. आपल्या मनाने मागितली तर सिहोऱ्यात माझं काय राहील? परंतु सरकारी आदेश आल्यास माझा नाइलाज आहे. सबब अर्जदार धुरपताबाई हिने सदर इसमाची तात्काळ माफी मागावी, असा लेखी आदेश माझ्याविरुद्ध काढावा. भाषा कडक ठेवावी. शिक्का ठळक मारावा, म्हणजे रत्नमालेले दुरून दिसेल.

आदेश लवकर निघावा. पोरीले फार दिवस थांबवता येत नाही.

आपली, आदेश येईपर्यंत ताठ अन् आल्यावर नम्र,

धुरपताबाई तेजराम गजभिये
(सही स्वतःची आहे, अंगठा नाही)
सिहोरा, दि. १४ डिसेंबर २०२२

सोबत :
१. चावडीतल्या बोलण्याची झेरॉक्स. काही शब्द रत्नमालेने काळ्या शाईने झाकले आहेत. साहेबांना लागल्यास मी समक्ष येऊन सांगीन.
२. पांदणीच्या आदेशाची नक्कल.
३. माफीचा मजकूर, लिहून तयार. फक्त आदेशाची वाट आहे.