उलटं वाढं

पाथर्डी,
दि. १२ सप्टेंबर १९७१

ती. स्व. कानिफदादांस,

धाकट्या गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. काष्टीला भागूबाईकडे, लेकीच्या घरी, मन रमलं का? वहिनींचा गुडघा कसा आहे? माझा सर्जा बैल थकलाय, पण चाऱ्याच्या वेळेला बरोबर हंबरतो.

दसऱ्यानंतर गाड्या ऊसतोडीला बेलापूरकडे निघतील. तुमच्याशिवाय हा दुसरा हंगाम. पहाटेची थंडी, पाटाच्या कडेनं आपल्या बारा गाड्यांची रांग, तुमची हाळी आणि वहिनींचा गुळाचा चहा. दादा, फार आठवतं हो.

आणि आपली ती रीत. कारखाना अचानक बंद पडला, की रिकामी गाडी घेऊन परतणाऱ्यानं जुवाला उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं उलटं बांधायचं. ते दिसलं की फडातले कोयते थांबायचे, कारण तोडलेला ऊस पडून वाळतो. कारखान्याच्या साहेबांची जीप निघायच्या आत सात कोसांवर खबर पोचलेली असायची.

आता टोळी मला मुकादम करते आहे. म्हणून लिहायला बसलो, आणि चाऱ्याचं नि चहाचंच लिहीत बसलोय.

तुमच्या शेवटच्या हंगामात कारखाना बंद पडला, त्या दिवशी वाढं सर्जानं खाल्लं, असं मी सांगितलं होतं. ते खोटं. सकाळी तुम्ही पहिल्या गाडीचा मान माझ्याकडून काढून पुंजारामला दिलात, मला शेवटी घातलंत. माझं डोकं फिरलं. माझा ऊस उतरला आणि कारखाना बंद पडला. बाकीच्या गाड्या माझ्याआधी रिकाम्या होऊन फडाकडे परतल्या होत्या, आपल्यातल्या मला एकट्यालाच ते माहीत होतं. बांधलेलं वाढं मी सोडून पाटात फेकलं आणि बाभळीखाली दुपारपर्यंत पडून राहिलो. म्हटलं, होऊ दे दादाची फजिती. तोवर तुम्ही अख्खा फड आडवा केला होता.

चार दिवस ऊस वाळला. बागाईतदार चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते बोलला. तुम्ही एवढंच म्हणालात, "टोळी माझी हाय, चूक बी माझीच." मग सर्जाच्या पाठीवरून हात फिरवलात आणि मुकादमकी सोडलीत. मी शेजारी सर्जाचा कासरा धरून उभा होतो.

काल टोळीला सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. पुंजाराम तेवढा म्हणाला, "दादाला सांगितलं का?"

सांगितलं, दादा. मुकादमकी तुमचीच आहे, या. मी टोळीत नको असेन तर तसं लिहा, मी गाडी जुंपणार नाही. पण "चूक माझी" असं तुम्ही पुन्हा कुणापुढं म्हणू नका. ती आता माझ्याकडेच राहू द्या.

तुमचा म्हणवून घ्यायला न धजणारा,
गहिनीनाथ