गाऱ्हाण्यातलं सायटेशन

ती. गुणाजीमामांना,

मुलुंडहून रुचिराचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे, तुमची साखर आणि गॅलरीतली तुळस सगळं ठीक असेल अशी आशा.

मी चौथीत असताना तुम्ही आईला म्हणाला होतात, "ह्या चेडवाक डाक्टर कर गो, उद्या आमच्या कामाक येतला." मी डॉक्टर झाले, पण पीएचडीची; कॅन्सरच्या पेशी काचपट्टीवर बघणारी, सर्दीला गोळी न देणारी. ती निराशा तुम्ही वीस वर्षं मोठ्या मनाने लपवलीत (ग्रामस्थ मंडळाच्या प्रत्येक सभेत बोलून दाखवलीत, तेवढं सोडून). हल्ली फोनवर मी "तोंड तपासून घ्या" म्हटलं की तुम्ही "मुलुंडला पाणी आलं का?" विचारता. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

बढतीची मुलाखत जवळ आली तेव्हा तुमच्याकडे जेवताना मी रडगाणं गायले, की माझे पेपर तेवीस, पण सायटेशन कमी. म्हणजे दुसरे संशोधक आपल्या लेखात माझ्या कामाचं नाव घेत नाहीत. (माझ्या सर्वांत गाजलेल्या पेपरचं नाव एक्केचाळीस वेळा घेतलं गेलंय. त्यांपैकी नऊ वेळा मीच, आणि पाच वेळा मी कशी चुकले ते सांगायला.) तुम्ही मान डोलावून सोलकढी प्यायलात. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या रविवारी तुमच्या घाटकोपरच्या मंडळाच्या पूजेत तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. रखडलेली लग्नं मागून झाली, इमारतीचा पुनर्विकास मागून झाला, आणि मग, "बा देवा म्हाराजा, आमच्या रुचिराचा सायटेशन वाढवन दी, आणि कोण आडो येत आसात तर तेका वाटेक लाव रे म्हाराजा!" सगळा हॉल गरजला, "होय म्हाराजा!" मी प्रसादाचा द्रोण घेऊन खांबामागे गेले. (आड येणारे आमचे एक प्रोफेसर त्याच आठवड्यात जिन्यावरून घसरले. माझा देवावर विश्वास नाही, पण मी त्यांना फुलं पाठवली.)

बरं, देवावर सोपवून थांबायचं ना! तुम्ही मंडळाच्या ग्रुपवर माझ्या त्या गाजलेल्या पेपरची लिंक टाकलीत: "प्रत्येक घराने उघडावी व 'उघडली' असे कळवावे." लगेच तो छापणाऱ्या नियतकालिकाची ईमेल, मला आणि आमच्या संस्थेलाही. सहा वर्षांत चौऱ्याण्णव वेळा उघडलेला लेख सोमवारी दोन तासांत तीनशे बारा वेळा उघडला गेला, तोही घाटकोपरातून, खुलासा करावा. मुलाखतीतही तोच प्रश्न आला. मी खरं ते सांगितलं. गाऱ्हाण्याला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा हात जोडूनच दाखवलं. समितीतल्या अस्मिता मॅडम, ज्या कधी हसत नाहीत, चष्मा काढून म्हणाल्या, "तीनशे बारांतल्या एकाने तरी वाचला का?"

वाचला, मामा. इंग्रजी न येणाऱ्या तुमच्याच घरातल्या रत्नप्रभामामींनी. पाचव्या पानावर तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे फोटो आहेत. ते बघून मामींनी मला फोन केला होता, "गो रुचिरा, ह्यो तुझ्या मामाचो फोटो हयसर कसो इलो?" तो तुमचा नाही, सांगलीच्या एका आजोबांचा आहे. पण तुमच्या डाव्या गालात आतून तसाच चट्टा आहे आणि तिखट लागलं की झोंबतं, हे मामींनी त्याच फोनवर सांगितलं, आणि मी समितीला. त्यांनी पाणी दिलं.

असे बरेचसे चट्टे साधेच निघतात. तुमचा त्यातलाच आहे का, हे तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही; तेवीस पेपर लिहूनही.

तुमची,
रुचिरा

ता. क. बढतीचं अजून कळलं नाही. कृपा करून देवाला परत विचारू नका.

दुसरा ता. क. वरचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. गुरुवारी सकाळी दहाची तपासणीची वेळ तुमच्या नावावर घेतली आहे. जान्हवी म्हणून माझी मैत्रीण आहे, खरी डॉक्टर, हलक्या हाताची. मी रिक्षा घेऊन दाराशी येते. तुम्हाला फक्त तोंड उघडायचं आहे. "गणपती झाले की बघू" असं म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी विचारते, याल?